आई-बाबा, कमावता भाऊ आणि एकच आरोग्य विमा : ८०-डीची वजावट कोणी घ्यायची?

दारव्हेकरीण

नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, मी नोकरीसाठी पुण्यात. घरच्या आरोग्य विम्याचा आणि आयकराचा हिशोब लावायला बसले आहे. आरोग्य विम्याच्या हप्त्यावर आयकर कायद्याच्या ८०-डी कलमाखाली जी वजावट मिळते, ती कोणी घ्यायची हा प्रश्न आहे. आमच्यासारखी घरं विदर्भात गावोगाव आहेत, म्हणून जरा सविस्तर मांडते.

बाबा ६३ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. पेन्शन आणि मुदत ठेवींचं व्याज मिळून वर्षाला पावणेसात लाखांच्या आसपास. शिवाय चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. आई ५८ ची, तिचं वेगळं उत्पन्न नाही. धाकटा भाऊ २४ वर्षांचा. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरला मिहानमध्ये नोकरीला लागला, पगार वर्षाला ४ लाख २० हजार. तोवर तो बाबांवरच अवलंबून होता.

बाबांच्या नावावर एक फॅमिली फ्लोटर, म्हणजे कुटुंबाला मिळून एकच विमा आहे. त्यात बाबा, आई आणि भाऊ. मी त्यात नाही, माझा विमा नोकरीच्या ठिकाणचा आहे. पॉलिसीचं नूतनीकरण ऑक्टोबरात येतं. २०२५ च्या ऑक्टोबरात ५६,५०० रुपये हप्ता बाबांच्या पेन्शनच्या खात्यातून नेट बँकिंगने गेला. त्याच्या आधी सप्टेंबरात मी बाबांना यूपीआयने ३०,००० पाठवले होते, विम्यासाठी म्हणूनच. माझा पगार १६ लाख, गृहकर्ज चालू आहे, शिवाय पुण्यात भाड्याने राहते, त्यामुळे मी जुनी करपद्धत धरते.

आता आर्थिक वर्ष २०२५-२६ चं विवरणपत्र भरायचं आहे. माझे ३०,००० मी ८०-डीत दाखवू शकते का? बाबा पूर्ण ५६,५०० दाखवू शकतात का? भाऊ आता कमावता झाला, तर त्याच्या वाट्याचं काय? गावातला एजंट म्हणतो, तिघंही दाखवा, कोण पाहाते. तसं मला करायचं नाही. जाणकारांनी सांगावं.

अकोल्याचा_अभियंता

ताई, तुमच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ३०,००० गेलेले दिसतात, महिन्याभरात हप्ता गेलेला दिसतो. म्हणजे पैसे तुमचेच. मी तरी दाखवले असते. उरलेले २६,५०० बाबांनी दाखवावे. विषय संपला.

यवतमाळ_करसल्लागार

विषय एवढ्यात संपत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. वीस-बावीस खेड्यांतली पेन्शनर मंडळी माझ्याकडे येतात आणि दर जून-जुलैत हाच प्रश्न असतो.

८०-डीत दोन वेगळे कप्पे आहेत. पहिला स्वतःसाठी, जोडीदारासाठी आणि अवलंबून असलेल्या मुलांसाठी. त्याची मर्यादा २५,०००, आणि विमा घेतलेल्यांत कोणी साठीच्या पुढचं असेल तर ५०,०००. दुसरा कप्पा आई-वडिलांसाठी. त्यालाही २५,०००, आणि ज्यांच्यासाठी भरलं त्यांच्यात कोणी ज्येष्ठ नागरिक असेल तर ५०,०००. मुलांच्या बाबतीत कायदा ‘अवलंबून’ असण्याची अट घालतो, आई-वडिलांच्या बाबतीत घालत नाही. आमच्याकडच्या निम्म्या घोटाळ्यांचं मूळ या फरकात आहे.

आता तुमचं घर घेऊ. हप्ता बाबांनी भरला. बाबांच्या पहिल्या कप्प्यात ते स्वतः आणि आई बसतात. भाऊ मात्र ऑक्टोबरात हप्ता गेला तेव्हा कमावता होता. तो त्यांचा मुलगा आहे, पण अवलंबून नाही. त्यामुळे त्याच्या वाट्याची रक्कम बाबांना घेता येत नाही. भावालाही घेता येत नाही, कारण ती त्याने भरलेलीच नाही. आणि तुम्हाला तर भाऊ कोणत्याच कप्प्यात बसत नाही. थोडक्यात, कमावत्या मुलाचा हप्ता बापाने भरला की तेवढी रक्कम घरातल्या कोणाच्याच विवरणपत्रात जात नाही. लोकांना हे पटत नाही, पण कलमाचे शब्द स्पष्ट आहेत.

फ्लोटरमध्ये कोणाचा वाटा किती हे अंदाजाने ठरवू नका. विमा कंपनीकडून ८०-डीचं प्रमाणपत्र मिळतं, त्यात व्यक्तीनिहाय फोड नसेल तर ती लेखी मागून घ्या. तुमच्याकडे आहे का?

अभियंता साहेबांच्या मुद्द्याबद्दल. ताईंनी यूपीआय केलं ते वडिलांना. विमा कंपनीला पैसे दिले वडिलांनी. मुलीने वडिलांना दिलेले पैसे ही नातेवाइकांतली भेट झाली. तिच्यावर वडिलांना कर नाही, पण तेवढ्याने ती मुलीने भरलेला हप्ता होत नाही. कलम म्हणतं, करपात्र उत्पन्नातून स्वतः भरलेली रक्कम. पेन्शनच्या खात्यात ते ३०,००० इतर पैशांत मिसळले. कोणी भांडून दावा टिकवेलही, मी नाही म्हणत नाही. पण माझ्याकडे आलेल्या माणसाला मी हा सल्ला देत नाही. आता विवरणपत्रातल्या ८०-डीच्या तक्त्यात विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक लिहावा लागतो. एकच क्रमांक बाप-लेकीच्या दोन्ही विवरणपत्रांत आला, प्रमाणपत्र एकाच्याच नावे आणि भरणाही एकाच्याच खात्यातून, तर खुलासा करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. ३०,००० वर ताईंचा वाचणारा कर ६,२४०. त्यासाठी असा वाद अंगावर घेऊ नये.

दारव्हेकरीण

फोड मिळाली आहे. आई-बाबांचे मिळून ४९,००० आणि भावाचे ७,५००.

मग बाबांनी ४९,००० दाखवावे, बरोबर? त्यांची मर्यादा ५०,००० आहे.

यवतमाळ_करसल्लागार

हक्क आहे, पण उपयोग नाही. हाच खरा मुद्दा, आणि तो कोणी विचारत नाही.

८०-डी फक्त जुन्या करपद्धतीत मिळतं. जुनी निवडली नाही तर आता नवी पद्धत आपोआप लागू होते आणि तिच्यात ही वजावट नाही. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर ८७-ए ची सूट मिळून कर शून्य होतो. बाबांचं उत्पन्न पावणेसात लाख, म्हणजे नव्या पद्धतीत वजावटीशिवायच कर शून्य. मग ४९,००० त्यांच्या विवरणपत्रात टाकून काय साधणार? आमच्याकडच्या बहुतेक निवृत्त गुरुजींची, ग्रामसेवकांची, एसटीच्या वाहक-चालकांची हीच स्थिती आहे. ते मात्र अजूनही विम्याची पावती फाइलला जपून लावतात.

तुमची गोष्ट वेगळी. १६ लाख पगार धरू. नव्या पद्धतीत ७५,००० प्रमाणित वजावट जाऊन १५,२५,००० उरतात. त्यावर उपकरासह १,१३,१०० कर. जुन्या पद्धतीत ५०,००० प्रमाणित वजावट, ८०-सी चे (पीएफ, जीवन विमा वगैरे बचतीचे) दीड लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख आणि घरभाडे भत्त्याची समजा २ लाख ४० हजारांची सूट धरली, तर ९,६०,००० उरतात. कर १,०८,६८०. म्हणजे दोन पद्धतींत फरक जेमतेम साडेचार हजारांचा. आई-बाबांचे ४९,००० तुमच्या खात्यातून थेट विमा कंपनीला गेले असते, तर आणखी १०,१९२ वाचले असते. तुमचे खरे आकडे घालून पुन्हा मोजा, पण दिशा हीच राहील.

तेव्हा यंदा तो हप्ता सोडून द्या आणि येत्या ऑक्टोबरची तयारी आत्ताच करा. ८०-डीचा निर्णय हप्ता भरताना होतो. विवरणपत्र भरायला बसल्यावर त्यात काही बदलता येत नाही.

बाबांसाठी एक गोष्ट : चार एकरांचं निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर त्यांना आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ भरावं लागतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून ते लिहायचंच नाही, असा समज आपल्याकडे फार आहे.

मोर्शीचा_बागवान

भाऊ, मले एक सांगा. माह्यं सारं उत्पन्न शेतीचं, संत्र्याचा बगीचा हाये. आयकर नाही लागत. पोरगा पुण्याले आयटीत हाये, त्याचा कर तीस टक्क्याच्या वरच्या टप्प्यात कटते, जुन्याच पद्धतीत हाये तो. आमी दोघंही नवरा-बायको साठीच्या वर. आमच्या विम्याचे ४४ हजार मी माह्या खात्यातून भरतो. पोरगा म्हणते, बाबा तुमी भरून काहीच उपेग नाही, मी भरतो. मले वाटते, आपली ऐपत हाये तं पोराच्या जीवावर काहून राहावं? अन् मी काही त्याच्यावर अवलंबून नाही, मंग त्याले वजावट भेटन का?

यवतमाळ_करसल्लागार

भेटन, दादा. आई-वडील अवलंबून असायची अट नाही हे वर लिहिलंच आहे. तुमच्याकडे पन्नास एकर बागाईत असली तरी मुलाला तुमच्या विम्याची वजावट मिळते.

आणि तुम्ही भरलं तर कोणालाच मिळत नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे तुम्हाला करपात्र उत्पन्नच नाही. मुलाने भरले नाहीत, म्हणून त्यालाही नाही. त्याने भरले तर ४४,००० वर उपकर धरून १३,७२८ वाचतात. एवढी रक्कम दर वर्षी घराबाहेर जाते आहे.

तुमचा स्वाभिमान मला कळतो, माझ्या वडिलांचंही असंच होतं. विम्याचा हप्ता पोराला भरू द्या आणि घरचा दुसरा खर्च तुम्ही उचला. नातवाला सायकल घ्या, वर्षाची तूरडाळ आणि गहू धाडा. हिशोब घरातल्या घरात बरोबर होतो. फक्त एक करू नका : ४४,००० मुलाच्या खात्यात टाकून दुसऱ्या दिवशी त्याने तेच विमा कंपनीला भरायचे, असं नको. हप्ता त्याच्या पगारातूनच जाऊ द्या.

मोर्शीचा_बागवान

समजलं. हे मले कोणी असं सांगतलंच नव्हतं. माह्या भावाचंही सांगतो मंग. थो एजंटले रोख पैशे देते अन् एजंट आपल्या मोबाइलवरून भरते.

यवतमाळ_करसल्लागार

तिथे वजावट गेलीच. हप्ता रोखीने भरलेला चालत नाही, आणि एजंटच्या खात्यातून गेला तर भरणारा कोण हेही सिद्ध होत नाही. तुमच्या भावाला मोबाइल जमत नसेल तर बँकेत जाऊन धनादेश द्यावा. रोख चालतं ते फक्त प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीला. तिची मर्यादा ५,०००, आणि ती वरच्या मर्यादेच्या आतच धरतात, स्वतःची आणि आई-वडिलांची तपासणी मिळून.

दारव्हेकरीण

अहो, मग दिवाळीत मी आई-बाबांची यवतमाळच्या लॅबमध्ये संपूर्ण तपासणी करून घेतली होती, ४,२०० रुपये रोख दिले. पावती आई-बाबांच्या नावे आहे.

यवतमाळ_करसल्लागार

ती तुम्ही नक्की घ्या, आई-वडिलांच्या कप्प्यात. पावती जपून ठेवा आणि पैसे तुम्ही दिले हे पावतीवर किंवा तुमच्या नोंदीत असू द्या. पॉलिसी बाबांनी भरली म्हणून तपासणीची वजावट अडत नाही. कर वाचेल पावणेनऊशेच्या आसपास, पण तो तुमचा हक्क आहे.

सूनबाई_पुसद

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. सासू-सासऱ्यांचा विमा मी माझ्या पगारातून भरते, ३८,०००. यजमानांचं किराणा दुकान, त्यांचं उत्पन्न कराच्या खालीच. माझ्या कार्यालयातले म्हणाले, सासू-सासरे म्हणजे आई-वडीलच, दाखवून टाका.

यवतमाळ_करसल्लागार

मनाने आई-वडीलच, पण ८०-डीत नाहीत. कलमात करदात्याचे आई-वडील एवढंच आहे, सासू-सासरे येत नाहीत. यजमानांनी त्यांच्या खात्यातून भरलं तर ते त्यांना घेता येईल, पण त्यांना करच नाही, तेव्हा फायदा शून्य. हे चुकवायला वाट नाही. विमा मात्र बंद करू नका, वजावट मिळत नाही म्हणून सासऱ्यांचं विम्याचं कवच काढून घेण्यात अर्थ नाही.

तुमच्या माहेरच्या आई-वडिलांसाठी मात्र तुम्ही भरलं, तर पूर्ण हक्काने घेऊ शकता. लग्न झालेल्या मुलीला हे मिळत नाही अशी समजूत मी कितीतरी घरांत ऐकली आहे. ती चुकीची आहे.

सूनबाई_पुसद

माहेरी आई एकटी आहे, उमरखेडला. तिचा विमा दोघी बहिणी मिळून करावा असं चाललं होतं. निम्मं-निम्मं भरलं तर?

यवतमाळ_करसल्लागार

जिने जेवढं विमा कंपनीला भरलं, तेवढं तिने घ्यावं, प्रत्येकीला स्वतःची मर्यादा आहे. अडचण अशी की एका पॉलिसीचा हप्ता दोन खात्यांतून घ्यायला विमा कंपन्या सहसा राजी नसतात. एक वर्ष तुम्ही, एक वर्ष बहीण, असं करता येतं. किंवा मूळ पॉलिसी एकीने आणि वरची सुपर टॉप-अप पॉलिसी (मूळ कवच संपलं की पुढचं उचलणारी) दुसरीने घ्यायची. आई साठीच्या आत असेल तर मर्यादा २५,००० च आहे, हे धरून चाला.

निवृत्त_गुरुजी_घाटंजी

माझे वय ७४. बायपास झालेली असल्याने मला कोणत्याही कंपनीने पॉलिसी दिली नाही. सौभाग्यवतींचे वय ६९, त्यांनाही विमा नाही. दोघांची औषधे महिन्याला सहा हजारांच्या घरात जातात. मुलगा नागपुरात नोकरीला आहे, जुन्या पद्धतीने कर भरतो. औषधांचे पैसे तोच देतो. विमाच नसेल तर ८०-डीचा आमच्याशी काही संबंध नाही ना?

यवतमाळ_करसल्लागार

गुरुजी, नमस्कार. संबंध आहे, आणि तुमच्यासारख्यांसाठीच ती तरतूद केलेली आहे. ज्या ज्येष्ठ नागरिकासाठी आरोग्य विम्याचा हप्ता भरलेला नाही, त्याच्या औषधोपचाराचा खर्च ८०-डीत चालतो, त्याच ५०,००० च्या मर्यादेत. औषधं, डॉक्टरांची फी, तपासण्या, दवाखान्यात दाखल झाल्याचं बिल, सगळं धरता येतं. तुमचा खर्च वर्षाला ७२,००० च्या आसपास, म्हणजे मुलाचा आई-वडिलांचा कप्पा पूर्ण भरतो.

अट तीच, पैसे रोखीने द्यायचे नाहीत. घाटंजीत औषधाच्या दुकानात सगळे रोख देतात हे मला माहीत आहे. यापुढे दुकानदाराला सांगा की बिल तुमच्या नावाने करा आणि पैसे मुलाने त्याच्या मोबाइलवरून दुकानाच्या खात्यावर पाठवावे. डॉक्टरांची चिठ्ठी, बिल आणि यूपीआयची नोंद, या तिन्ही गोष्टी एका पाकिटात महिन्यावार ठेवा. विवरणपत्राला काही जोडायचं नसतं, पण विचारणा झाली तर हेच पाकीट कामाला येईल.

सौभाग्यवती साठीच्या आत असत्या तर त्यांच्या औषधांना हे लागू झालं नसतं.

निवृत्त_गुरुजी_घाटंजी

आपले मनापासून आभार. आजच मुलाला फोन करतो.

परतवाड्याची_आरोग्यसेविका

करातलं मला फार समजत नाही, पण गुरुजींसाठी लिहिते. ७० वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार नोंदणीकृत रुग्णालयांत मोफत. आधार लागतं. गुरुजी, तुम्ही ७४ चे, तुमचं काढून घ्या. आमच्या भागात कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी अजून काढलेलं नाही, मुलं शहरात आणि इथे कोणी सांगणारं नाही. खाजगी विमा असला तरी हे कार्ड काढता येतं. बाकीच्यांना राशनकार्डावर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहेच. दोन्हींना हप्ता नाही, म्हणून वजावट नाही, एवढं मला कळतं.

यवतमाळ_करसल्लागार

ताई, अगदी बरोबर. आणि हे लिहिलंत ते फार चांगलं झालं.

खामगावचा_दुकानदार

बँकेतून दर वर्षी २० रुपये आणि ४३६ रुपये कापतात ते विम्याचेच ना? अन् नागपूरच्या एका दवाखान्याचं कुटुंब कार्ड घेतलंय, ३,००० वर्षाला, त्यावर बिलात सूट मिळते. पीक विमाही भरतो.

यवतमाळ_करसल्लागार

२० रुपयांचा अपघात विमा, ८०-डीत नाही. ४३६ चा जीवन विमा, तो ८०-सी कडे. पीक विम्याचा इथे संबंध नाही. दवाखान्याचं सवलत कार्ड म्हणजे विमा नव्हे. ८०-डीला विमा नियामकाने मान्य केलेली विमा कंपनीची योजना लागते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला, त्या कामाबद्दल मला फार आदर आहे. पण रुग्णालयाने स्वतः चालवलेली योजना या कलमात येत नाही.

मिहानवाला

माझा अनुभव. आमच्या कंपनीत गट विमा आहे. माझा हप्ता कंपनी भरते, आई-वडिलांना जोडायचं असेल तर त्यांचा हप्ता आपल्या पगारातून कापतात. माझे २२,००० कापले. कंपनीने मला नव्या पद्धतीत धरलं, त्यामुळे फॉर्म १६ मध्ये (कंपनी देते त्या पगार-कराच्या प्रमाणपत्रात) ८०-डी कोरं आलं. हिशोब केला तर मला जुनी पद्धत परवडते. आता काही करता येतं?

यवतमाळ_करसल्लागार

येतं. पगारदाराला विवरणपत्र भरताना पद्धत बदलता येते, फक्त मुदतीच्या आत भरायला हवं. धंद्याचं उत्पन्न असेल तर १०-आयईए फॉर्म लागतो, तुम्हाला नाही. पगारातून कापलेले २२,००० ही तुम्ही भरलेलीच रक्कम आहे, घ्या. कंपनीने तुमच्यासाठी भरलेला भाग मात्र तुमचा नाही. मनुष्यबळ विभागाकडून गट पॉलिसीचा क्रमांक आणि कपातीचं पत्र मागून ठेवा.

मिहानवाला

दोन वर्षांचा हप्ता एकदम भरला तर सूट मिळते म्हणतात. मग दोन्ही वर्षांची वजावट एकदम?

यवतमाळ_करसल्लागार

नाही, वर्षांत सारखी विभागली जाते. दोन वर्षांसाठी ८०,००० भरले तर दर वर्षी ४०,०००. ज्यांचा वर्षाचा हप्ता मर्यादेच्या आत आहे त्यांचं यात काही बिघडत नाही.

अकोल्याचा_अभियंता

माझ्या पहिल्या प्रतिसादावरचं तुमचं उत्तर पटलं. एक शंका आहे : पॉलिसी बाबांच्याच नावावर ठेवून ताईंनी फक्त पैसे स्वतःच्या खात्यातून भरले, तर चालेल ना? की नाव बदलायलाच हवं?

यवतमाळ_करसल्लागार

कायद्यात प्रस्तावक, म्हणजे पॉलिसी ज्याच्या नावावर आहे तो, कोण असावा याची अट नाही, आई-वडिलांच्या विम्यासाठी करदात्याने पैसे भरलेले हवेत, बस. पण विमा कंपनी ८०-डीचं प्रमाणपत्र प्रस्तावकाच्या नावे काढते. मग दर वर्षी प्रमाणपत्रासोबत स्वतःचं बँक स्टेटमेंट ठेवावं लागतं. नूतनीकरणाच्या वेळी प्रस्तावक बदलून घेणं सगळ्यात स्वच्छ.

बदल करताना पॉलिसी खंडित होऊ देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. बाबांना साखर, रक्तदाब असेल तर आधीच्या आजारांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजारांना विमा लागू होईपर्यंत थांबायची मुदत, ते इतकी वर्षं हप्ते भरून काढत आले आहेत. तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. दहा हजारांचा कर वाचवायला गेलात आणि नवी पॉलिसी नव्याने सुरू झाली, प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून लागली, आणि त्यातच दवाखान्याची वेळ आली, तर लाखांचं बिल घरावर येईल. त्याच विमा कंपनीत, त्याच पॉलिसीत, सातत्य राखून बदल करा आणि तसं लेखी घ्या.

दारव्हेकरीण

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री भावाशी आणि बाबांशी फोनवर बराच वेळ बोलले. बाबा आधी नाराज होते, आयुष्यभर त्यांनीच सगळं भरलं. मी बागवान दादांना दिलेलं उत्तर वाचून दाखवलं, मग म्हणाले, ठीक आहे, दवाखान्यात जायचा-यायचा आणि औषधांचा खर्च माझा.

ठरलं ते असं. यंदा मी फक्त ४,२०० ची तपासणी दाखवणार. बाबा नव्या पद्धतीत आयटीआर-२ भरणार. ऑक्टोबरात भाऊ फ्लोटरमधून बाहेर, त्याचा स्वतःचा विमा तो काढेल. फ्लोटर आई-बाबांचं, प्रस्तावक मी, हप्ता माझ्या खात्यातून.

पण भाऊ हट्टाला पेटला आहे. म्हणतो, आई-बाबांसाठी मलाही काहीतरी भरायचं आहे, सगळं ताईने का करावं. त्याला आत्ता कर लागत नाही. त्याने काय करावं?

यवतमाळ_करसल्लागार

चांगला पोरगा आहे. त्याला आई-बाबांसाठी सुपर टॉप-अप घेऊ द्या, प्रस्तावक तो, पैसे त्याच्या खात्यातून. मूळ कवच संपलं की पुढचं ही पॉलिसी उचलते, आणि तिचा हप्ता मूळ पॉलिसीपेक्षा बराच कमी असतो. यंदा त्याला वजावटीचा उपयोग नाही, पण पगार वाढून तो जुन्या पद्धतीत गेला तर वेगळा पॉलिसी क्रमांक, वेगळी मर्यादा, तुमच्या दाव्याशी काही गुंता नाही. सुपर टॉप-अपलाही आधीच्या आजारांचा प्रतीक्षा काळ असतो, म्हणून जेवढ्या लवकर घेईल तेवढं बरं. अर्जात बाबांचे आजार एकूण एक लिहायला सांगा, एजंट ‘हे नका लिहू’ म्हणाला तरी.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे, त्यात ८०-डीची जागा कलम १२६ ने घेतली आहे. ऑक्टोबरचा तुमचा हप्ता त्या कलमाखाली येईल. यंदाचं विवरणपत्र जुन्या कायद्यानेच, तिथे ८०-डीच लिहायचं.

प्रस्तावक बदलायचा अर्ज ऑगस्टमध्येच द्या. केवायसी, बाबांची संमतीची सही आणि तुमच्या खात्याचा रद्द केलेला धनादेश मागतील. बाबा गावात आणि तुम्ही पुण्यात, कागदांच्या ने-आणीत वेळ जातो.

दारव्हेकरीण

ऑगस्टमध्ये गावी जाणारच आहे, तेव्हाच सह्या घेते.

मोर्शीचा_बागवान

ताई, सुपर टॉप-अपचं काय झालं थे इथंच लिवजा. माह्या पोराले बी दाखवतो.